राहुकाळात बोलणारी वायर

मंगळवारी दुपारी वायर बोलली.

वेदवतीने दुसऱ्या मशीनला हाक मारायची आज्ञा टाइप केली, एन्टर दाबलं, आणि हॉलमधल्या कॉम्प्युटरकडून उत्तर आलं. एक ओळ आली, तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी एकीखाली एक अशा उतरत राहिल्या, जशा वाळवणाच्या काठीवर शेवया. गेला आठवडाभर याच पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत होता.

"अलमेलू, चाललें," ती म्हणाली.

हॉलमधून तिच्या भावजयीचा आवाज आला. "काय चाललें, अक्का?"

"वायर."

"बरें झालें. आतां तरी जेवून घ्या. रसम दोनदां ऊन केलें मीं."

वेदवती तासभर त्या ओळी बघत बसली, मग जेवली. ताक प्याली, हात धुतले, पदराला पुसत परत आली आणि पुन्हा हाक मारली. ओळ आली नाही. थांबली, पुन्हा मारली. एक ओळ आली, मग काहीच नाही. कर्सर लुकलुकत राहिला, जणू दुपारचं काही घडलंच नव्हतं.

सारंगपाणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या मराठी घराची टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट होती. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, कृष्णस्वामी रावांनी, ती काढली तेव्हा कुंभकोणमच्या निम्म्या कारकुनांची बोटं तिथे वळली होती. आता टाइपरायटर मागच्या पडवीत कापड पांघरून बसले होते आणि घराच्या तीन खोल्यांत तीन कॉम्प्युटर आले होते. पुढच्या खोलीत वेदवतीचा, मधल्या हॉलमध्ये अलमेलूचा, ज्यावर ती लग्नपत्रिका जुळवायची, आणि मागच्या खोलीत धाकट्या भावाचा, गोपालकृष्णाचा. त्रिचीहून माणूस येऊन तिन्ही खोल्यांतून एक काळी वायर ओढून गेला होता.

वायर एक होती, बोलणं मात्र तुटलं होतं. दिवाळीत गोपू म्हणाला होता, टाइपिंग शिकायला आता कोण येतं, पुढची खोली रेशमी पट्टुसाडीच्या दुकानाला भाड्याने देऊ आणि मी मद्रासला नोकरी बघतो. वेदवती त्यावर काही बोलली नाही, आणि तेव्हापासून त्याच्याशीच बोलली नाही. अडतिसाव्या वर्षी तिच्याजवळ ती खोली होती, खोलीतल्या मुली होत्या, त्यांच्या बोटांचा ठेका होता. खोली गेली तर सकाळी आंघोळ करून कुठे जाऊन बसायचं, हे तिला उमगत नव्हतं.

मग महिला कॉलेजच्या भवानी मॅडमचा निरोप आला. नव्या अभ्यासक्रमात युनिक्स आलं होतं आणि कॉलेजात तशी मशिनं नव्हती. तुमच्याकडे दोन मशिनं तशी असतील आणि एकमेकांशी बोलत असतील, तर जूनपासून आमच्या मुली प्रॅक्टिकलला तुमच्याकडे पाठवते. शुक्रवारी अकराला येऊन बघते. अप्पांनी झोपाळ्यावर बसून निकाल दिला होता. "शुक्रवारीं चाललें तर खोली वेदवतीची. नाहीं चाललें तर साडीवाला."

तशी मशिनं म्हणजे युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवर चालणारी. मद्रासच्या एका मासिकाबरोबर सीडी फुकट आली होती. वेदवतीने ती आपल्या मशीनवर बसवली. दुसरं मशीन म्हणजे अलमेलूचं. एकदा हॉलपर्यंतची वायर पक्की झाली की गुरुवारी तिथेही बसवायची, असा तिचा बेत होता. बसवताना निळ्या पडद्याने विचारलं होतं, या मशीनचा पत्ता कायमचा ठरवून द्यायचा का. ती हो म्हणाली. जो पत्ता रोज बदलतो त्याला कोण हाक मारणार? त्रिचीच्या माणसाने सांगितलं होतं की पहिले तीन आकडे घरातल्या सगळ्या मशिनांचे सारखे, आडनावासारखे. शेवटचा ज्याचा त्याचा. एक नंबर हॉलला गेलाय, बाकी दोनशे चोपन्नपर्यंत कुठलाही घ्या.

तिने एकशे आठ घेतला. त्यात विचार करायचं काही नव्हतं. अप्पांच्या माळेचे मणी तितके, विष्णूची क्षेत्रं तितकी, अप्पांच्या सायकलच्या कुलपाचा आकडाही तोच.

तर मंगळवारी तीन वाजता वायर बोलली आणि जेवण होईतो मुकी झाली.

बुधवारी सकाळभर ती मुकीच होती. मधूनच एखादी ओळ यायची, वळचणीचं पाणी थांबल्यावर एखादा थेंब पडतो तशी. वेदवतीने टेबलाखाली शिरून वायरच्या टोकाचं टोपण आवळलं. काढून पुसलं, पुन्हा बसवलं. मग आज्ञा देऊन पत्ता पाहिला. एकशे आठ, ठाम, जागच्या जागी. तिने मशीन बंद करून चालू केलं. तरीही एकशे आठ.

"अलमेलू," तिने हाक मारली, "तुझ्या नवऱ्याला विचार, मागच्या खोलींत वायरला कोणी हात लावला का."

गोपू मागच्या खोलीत होता आणि दारं सगळी उघडी होती. त्याला ऐकू गेलंच होतं.

"अलमेलू," तो म्हणाला, "माझ्या अक्काला सांग, इकडेही तेंच चाललें आहे. मधेंच येतें, मधेंच जातें."

अलमेलू पत्रिकेतल्या नवरदेवाचं नाव टाइप करत होती. तिने मान वर केली नाही. "दोघांनीं ऐकलें ना? मग मीं सांगितलें असें समजा."

इकडेही म्हणजे काय, हे वेदवतीला विचारायचं होतं. पण विचारायचं तर सरळ विचारावं लागलं असतं.

दुपारी बाराच्या पुढे वायर पुन्हा बोलली. बोलली ती सलग, न अडखळता, तास उलटून गेला तरी. वेदवती खुर्चीवरून उठली नाही. आपण उठलो की ते जाईल, असं तिला उगाच वाटत राहिलं. दीडनंतर ते गेलं, ती तिथेच बसलेली असताना.

संध्याकाळी अप्पा झोपाळ्यावर पाय हलवत म्हणाले, "काल कितीला चाललें?"

"तीनला."

"थांबलें?"

"साडेचारच्या सुमाराला."

"आज?"

"बारा ते दीड."

अप्पांचा पाय थांबला. पंचांग त्यांना पाहावं लागत नसे. "मंगळवारीं तीन, बुधवारीं बारा. हा तर राहुकाळ."

अलमेलूने निवडायला घेतलेली भाजी बाजूला ठेवली आणि हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले.

"अप्पा, तें यंत्र आहे," वेदवती म्हणाली.

"मीं कोठे म्हटलें तें बैल आहे? पण जें राहुकाळीं चालतें आणि शुभ वेळीं बसून राहतें, तें घरांत कशाला?" मग त्यांना आठवलं. "शुक्रवारचा राहुकाळ साडेदहा ते बारा. तुझी बाई अकराला येते. म्हणजे चालेल."

आपण हसावं की रडावं, हे वेदवतीला कळेना. एका विद्येचा तिने डिप्लोमा घेतला होता, दुसरी विद्या तिच्या हाडात होती, आणि दोन्ही मिळून तिला काहीच सांगत नव्हत्या.

गुरुवारी तिने हॉलच्या मशीनला हात लावला नाही. जे कधी आहे आणि कधी नाही, त्याच्या भरवशावर अलमेलूच्या पत्रिका मोडायच्या कशा? ती दीड वाजायची वाट पाहत बसली आणि वाट पाहतो आहोत याची तिला लाज वाटली. मागच्या खोलीत खुर्ची सरकली, गोपू कॉफी प्यायला बाहेर गेला. तिने हाक मारली. ओळ आली. ओळीमागून ओळ, शहाण्या मुलींच्या रांगेसारखी. खरंच राहू असेल का? राहूला डोकं असून धड नाही, तर त्याला तारेतून जायला काय अडचण, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

तीन वाजले. मागच्या खोलीचं दार वाजलं. कापड झटकल्याचा आवाज आला, मग एक बारीक टिर्र, मशीन जागं होतानाची. वेदवती पडद्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने ओळ अडली. पुढची आलीच नाही.

ती उठली. हॉलमधून गेली, अलमेलूच्या पाठीमागून, आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. गोपूच्या पडद्यावरही काळ्यावर पांढरी अक्षरं होती, अगदी तिच्यासारखी.

"गोपू," ती म्हणाली. हॉलमधला टाइपिंगचा आवाज थांबला. "राहुकाळांत तूं मशीन बंद करतोस?"

"करतोंच. नेहमींच करतों. तुला ठाऊक नाहीं?" तो सरळ बोलून गेला आणि मग आपण बोललो हे त्याच्या ध्यानात आलं.

तिला ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक होतं. राहुकाळात गोपू नवं काम हाती घेत नसे. मशीन बंद करायचा, त्यावर कापड घालायचा आणि गल्लीच्या तोंडाशी कॉफी पीत घड्याळ बघत उभा राहायचा. इतकं ठाऊक होतं की कुणाला दिसलं नव्हतं.

"हें लिनक्स कधीं बसवलेंस?"

"तुझी सीडी अलमेलूनें आणून दिली. एक दिवस." तो कीबोर्डकडे बघत होता. "तुझें नाहीं चाललें तर बाईंना दाखवायला माझें तरी असूं दे म्हटलें."

"तुला तर साडीवाला हवा होता."

"हवा होता. हवा आहे. पण तूं शुक्रवारीं सगळ्यांसमोर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

वेदवतीचा आवाज उतरला. "पत्ता कोणता दिलास?"

"आपलाच. एकशे आठ. दुसरा कोणता देणार?"

ती उंबऱ्यावरच बसली. एका वाड्यात दोन कृष्णस्वामी राहावेत आणि टपालवाल्याने जो पहिल्यांदा दारात दिसेल त्याच्या हाती पत्र द्यावं, तसं झालं होतं. ती हाक मारायची, हॉलचं मशीन उत्तर द्यायचं, आणि उत्तर कधी तिच्याकडे यायचं, कधी याच्याकडे. याची उत्तरं तिच्याकडे. मागच्या खोलीतला एकशे आठ कॉफीला गेला की पुढच्या खोलीतला एकशे आठ तेवढा उरायचा.

"विचारायचें तरी," गोपू म्हणाला.

"तूं विचारायचेंस."

"तूं मोठी."

"म्हणून मीं विचारायचें?"

हॉलमधून अलमेलू म्हणाली, "मला विचारलें असतें तर मीं सांगितलें असतें. दोघांनींही नाहीं विचारलें."

गोपूने पुस्तक उघडून आज्ञा शोधली. "तूं ठेव एकशे आठ. मीं एकशे नऊ घेतों. मला काय, कोणताही चालेल." त्याने टाइप केलं. वेदवतीने पुढच्या खोलीत जाऊन एकशे नऊला हाक मारली, तर मागच्या खोलीतून उत्तर आलं, राहुकाळ संपलेला असताना. आता हॉलचं मशीन मोडायचीही गरज नव्हती. लिनक्सची दोन झाली होती. इतकं सोपं होतं ते, आणि तिला मोकळं वाटायच्या ऐवजी गोंधळायलाच झालं. इतके दिवस ती कुणावर रागावली होती?

शुक्रवारी गोपूने दहा वाजताच मशीन चालू करून ठेवलं. राहुकाळात सुरू करायचं नाही, पण आधी सुरू केलेलं चालत राहिलं तर दोष नाही, हे अप्पांनाही मान्य होतं. भवानी मॅडम अकराला आल्या. उंच, हातात छत्री, बोलायला तमिळ आणि तेही मोजकं. अलमेलूने कॉफी दिली. मॅडमनी पहिला घोट घेतला आणि वीज गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. तिन्ही पडदे विझले.

"येईल," अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले. "शुक्रवारीं लवकर येते."

आली, कॉफी संपेतो आली. वेदवतीने आपलं मशीन चालू केलं. मागच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. ती ऐकत राहिली. पंख्याच्या आवाजापलीकडे, टाइपरायटरांवरच्या कापडापलीकडे, गोपू हात मांडीवर ठेवून बसला असणार हे तिला न बघता दिसत होतं. राहुकाळ संपायला बाराच वाजणार होते, आणि मॅडमनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं होतं.

तिने हाक मारली नाही. त्याने आजवर जे कधी केलं नाही ते कर म्हणायला तिची जीभ उचलली नाही. झोपाळाही थांबला होता.

मग मागच्या खोलीतून ती बारीक टिर्र ऐकू आली.

दोन्ही मशिनं आपापली डिस्क तपासत बसली, कारण वीज मधेच गेली होती. टक्के हळूहळू चढत होते. मॅडमनी विचारलं, "हे नेहमी असंच?" वेदवती म्हणाली, "वीज गेली तर." शेवटी पडदा तयार झाला. तिने एकशे नऊला हाक मारली.

उत्तर नाही.

पुन्हा मारली. नाही. काल तर चाललं होतं, काल तिच्यासमोर चाललं होतं.

"गोपू," तिने आतूनच विचारलं, "एकशे नऊ आहेस ना?"

थोडा वेळ खडखड ऐकू आली. मग त्याचा आवाज आला, अगदी हरवलेला. "अक्का, हें परत एकशे आठ म्हणतें. मीं काल बदललेला. तूं पाहिलेंस."

बदलला होता. पण बदलला होता तो तेवढ्यापुरता, चालत्या मशीनला सांगून. बसवताना निळ्या पडद्यावर जे लिहिलं होतं ते आत कुठेतरी तसंच होतं, आणि मशीन झोपून उठलं की आधी ते वाचत होतं. आत कुठे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्याला पुस्तकातली आज्ञा पुन्हा शोधावी लागली असती, राहुकाळात. तिला ती कालपासून पाठ होती.

"राहूं दे," ती म्हणाली. "तूं एकशे आठच राहा. मीं हलतें."

तिने आपल्या मशीनला एकशे नऊ दिलं. तो आकडा टाइप करताना तिला क्षणभर परक्या दारात चप्पल काढल्यासारखं वाटलं. मग हाक मारली, आणि ओळी आल्या.

"आता इथे लिहिलेलं तिथे दिसतं का ते दाखवा," मॅडम म्हणाल्या.

त्यासाठी एक प्रोग्राम होता. त्यात पडदा आडवा दोन भागांत वाटला जाई. वरच्या भागात आपण लिहायचं, खालच्यात दुसऱ्याचं उमटायचं. वेदवतीने तो सुरू केला. मागून गोपूने तो उचलला. खालच्या अर्ध्या भागात अक्षरं यायला लागली, एकेक, चाचपडत. अक्षरं इंग्रजी होती, भाषा घरची.

अक्का, माझे हात कापताहेत.

वेदवतीने लिहिलं: कापूं देत. बोटें जागेवर ठेव. मीं शिकवलें तैसें.

काय लिहूं?

कांहींही.

खालच्या भागात दोन अक्षरं उमटली, पुसली गेली. मग आलं: मद्रासची नोकरी मिळाली आहे. एक महिना झाला. तूं बोलत नव्हतीस, सांगूं कसें?

मॅडम पुढे वाकल्या होत्या. "ही कुठली भाषा?"

"आमची. घरची मराठी."

"काय म्हणतोय तो?"

वेदवतीने पडद्याकडे पाहिलं. बोटं जागेवर होती आणि काय लिहायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. "घरचीच विचारपूस," ती म्हणाली. मग तिने लिहिलं: कधीं जाणार?

जूनमध्यें. तुझ्या मुलींचे पहिले दिवस लावून देतों, मग.

भवानी मॅडम उठल्या. उंबऱ्यापाशी छत्री उघडता उघडता म्हणाल्या, "जूनपासून पाठवते. दोन बॅचेस. पण वीज रोज जाते, बाई. दर वेळी हे असं घरभर ओरडून विचारायचं असेल तर मुली शिकायच्या काय?"

"त्याआधी दुरुस्त करू," वेदवती म्हणाली. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

त्या गेल्यावर अप्पा आत डोकावले. "खोली तुझी," एवढंच म्हणाले आणि जेवायला गेले. गोपू आपली खुर्ची घेऊन पुढच्या खोलीत आला. मद्रासचं काय, खोलीचं काय, पुढे मागचं मशीन कोण चालवणार, हे सगळं तिथेच होतं, त्या दोघांच्या मधे, आणि त्याला हात कुठून घालायचा हे कळत नव्हतं. हात घालण्यासारखी एकच गोष्ट समोर होती.

"तो पत्ता कोठेतरी लिहिलेला असणार," गोपू म्हणाला. "फाइलींत."

"कोणत्या?"

"तेंच तर."

तिने यादी काढली. नावांच्या ओळी पडदाभर झाल्या, एकही ओळखीचं नाही.

"ही?" त्याने बोट ठेवलं.

"उघडून पाहा."

"बिघडलें तर?"

"बिघडलें तर परत बसवूं. सीडी आहे."

ती फाइल ती नव्हती. त्यांनी पुढची उघडली.